मृत्युपत्रावरचं मराठी पुस्तक कसं निवडावं? (यावल तालुक्यातली शेती, धाकटा भाऊ दिव्यांग)

फैजपूरची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांना मृत्युपत्र करायचंय. यावल तालुक्यात केळीचं शेत आहे, काही आजोबांकडून आलेलं, काही आप्पांनी स्वतः घेतलेलं. शिवाय फैजपूरचं राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी. आम्ही तिघं भावंडं. मोठा भाऊ शेती बघतो, मी लग्न होऊन भुसावळला, आणि धाकटा बौद्धिक दिव्यांग आहे, तो आई-आप्पांजवळच असतो.

आप्पा म्हणतात, वकिलाकडे जायच्या आधी मला स्वतः वाचून समजून घेऊ दे. चुलतभावाने अमेरिकेतून इंग्रजी गाइड पाठवलंय. त्यात पानोपानी लिव्हिंग ट्रस्ट करा (जिवंतपणीच मालमत्ता ट्रस्टकडे द्या), प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) टाळा, इस्टेट टॅक्स (मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर) वाचवा. जळगावला दुकानात मराठी पुस्तकं चाळली, तर एकात नुसते नमुने आणि एकात नुसती कलमं. निवडायचं कशावरून?

निवृत्त_अमळनेरकर

ताई, माझी उभी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात झाली. मृत्युपत्रं रोज नोंदवली, आणि पुढे त्यांची भांडणंही पाहिली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेचं पुस्तक बाजूला ठेवा. आपल्याकडचा तसला कर, इस्टेट ड्युटी, 1985 सालीच रद्द झाला. प्रोबेटची सक्तीही मुळात मुंबई, कलकत्ता, मद्रास या जुन्या प्रेसिडेन्सी शहरांपुरती होती, यावल-रावेर तिच्यात कधीच नव्हतं. जे टाळायला ते पुस्तक शिकवतं, ते तुमच्या दारात आलेलंच नाही.

मराठी पुस्तक हातात घेतलं की आधी आवृत्तीचं साल बघा. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखीच जन्माने सहहिस्सेदार झाली, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की त्या तारखेला वडील हयात नसले तरी तिचा हक्क जात नाही. हे ज्यात नाही ते पुस्तक घेऊ नका. पुष्कळ जुनी पुस्तकं नुसतं कव्हर बदलून येतात.

मग वडिलोपार्जित मिळकतीचं प्रकरण उघडा. पुस्तकाची खरी पारख तिथेच होते. "आजोबांकडून आलेली" म्हणजे सगळी वडिलोपार्जित, असं सरसकट लिहिलं असेल तर ते कच्चं. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन ते 1956 नंतर वारल्यावर आप्पांना वारसाने मिळाली असेल, तर ती आप्पांची स्वतंत्र मिळकत धरतात. सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली चंदर सेन खटल्यात हेच सांगितलं. आणि एकत्र कुटुंबाची असेल तर आप्पांना फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करता येतं. म्हणून तलाठ्याकडून जुने फेरफार, म्हणजे जमीन नावावर कशी आली त्याच्या नोंदी, काढा. जमीन वाटणीने आली की वारसाने, हे त्यातून उलगडायला लागतं. चांगलं पुस्तक तुम्हाला नमुन्याच्या आधी फेरफाराकडे पाठवतं.

साक्षीदारांचं पानही वाचा. दोन साक्षीदार लागतात. स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्याच असं मी सांगेन. पण साक्षीदार कसे निवडावेत हे फार थोड्या पुस्तकांत असतं. पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सही शाबीत करावी लागते. आपले लोक पारावरचे बरोबरीचे दोस्त घेऊन येतात आणि दावा उभा राहीपर्यंत दोघंही नसतात. आप्पांपेक्षा वयाने बरेच लहान, गावातच राहणारे, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीच मिळायचं नाही असे घ्या.

आता विहीर. नमुन्यांच्या पुस्तकात "गट नंबर अमुकपैकी निम्मे क्षेत्र अ ला, निम्मे ब ला" एवढंच असतं. केळीच्या शेताला ते पुरत नाही. विहीर कोणाच्या निम्म्यात येते? दुसऱ्याची पाण्याची पाळी किती? पाइपलाइन कोणाच्या बांधावरून जाते, मोटारीचं वीज कनेक्शन कोणाच्या नावावर, ट्रॅक्टर कुठून आत येतो? मे महिन्यात पाणी तुटलं की केळी जाते आणि भावाभावांचं बोलणंही बंद होतं. हे सगळं चतुःसीमेसकट लिहा. सातबाऱ्याचा "इतर अधिकार" रकाना समोर ठेवा. विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथेच दिसतो, आणि जमीन ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे तो बोजाही जातो.

सातपुडा_पायथा

दादांचं सगळं बरोबर. आमच्या तळोदा-धडगावकडच्या वाचकांसाठी एक भर घालतो. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही, कलम 2 मध्येच तसं म्हटलंय. भिल्ल, पावरा घरात हिंदू कायद्याचं पुस्तक बघून वारस ठरवू नका. मुस्लिम कुटुंबातही साधारणपणे एक तृतीयांशापुढे मृत्युपत्राने देता येत नाही. पुस्तक कोणत्या कायद्यावर लिहिलंय ते आधी बघा.

फैजपूरची_लेक

खूप आभार. धाकट्याचं मात्र काहीच सुचत नाही. ठेवींवर त्याचं नॉमिनेशन आहे. तेवढं पुरेल का?

निवृत्त_अमळनेरकर

नाही पुरणार ताई. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे तो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. शिवाय धाकट्याला बँकेत सही कोण समजावणार?

ट्रस्टचं प्रकरण खरं त्याच्यासाठीच वाचायचं. 1882 च्या भारतीय न्यास कायद्याखाली खासगी न्यास, म्हणजे ट्रस्ट, करता येतो. ठेवी किंवा शेताचं उत्पन्न न्यासाकडे जातं, आणि विश्वस्तांनी ते धाकट्याच्या औषधपाण्यावर, राहण्या-जेवणावर खर्च करायचं. विश्वस्त एकटा मोठा भाऊ नको, तुम्हीही असा, आणि दोघांनंतर कोण हेही लिहा. पालकत्व ही वेगळी बाब आहे. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करतात. तो आई-आप्पा आहेत तोवरच करा, म्हणजे नवा पालक कोण असावा हे आई-आप्पांना समितीपुढे स्वतः सांगता येईल.

जळगावला परत गेलात की दुकानात अनुक्रमणिका उघडा. दिव्यांग मुलासाठी न्यास आणि पालकत्व यांवर वेगळं प्रकरण असेल तर ते पुस्तक घ्या, बाकीचं थोडं कमी असलं तरी चालेल. बाकीचं वकील सांगतीलच. न्यासाचा मसुदा मात्र पुस्तकातून उतरवू नका, तो वकिलाकडूनच करून घ्या. मृत्युपत्र आणि न्यास एकाच वकिलाकडे द्या, म्हणजे एकात लिहिलेली ठेव दुसऱ्यात भलत्याच नावावर जाणार नाही.