रुग्णवाहिकेवरची पाळी: अनुभव धागा

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. इथे पायलटच्या (गाडीच्या चालकाच्या) जोडीला गाडीत डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी). लोकांना सायरन ऐकू येतो, आतलं काम दिसत नाही. नव्याने रुजू होणाऱ्यांना उपयोगी पडेल असं लिहा: पाळी घेताना काय बघायचं, कुठे अडतं, का अडतं. स्वतःच्या गोष्टी नकोत, कामाचं सांगा.

गाडीवरचे डॉक्टर, पालघर

चार्ज घेताना आधी ऑक्सिजन. ‘भरलेला आहे’ एवढ्यावर सही करू नका, वॉल्व्ह उघडून काटा बघा. बी टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता १० लिटर असते, म्हणून काट्यावरचा बारमधला आकडा गुणिले १० एवढे लिटर आत. काटा १०० वर असेल तर १००० लिटर. शेवटचे २० हिशेबात धरायचे नाहीत, उरले ८००. नॉन-रिब्रीदर मास्कवर (पिशवी लावलेला ऑक्सिजनचा मास्क) मिनिटाला १० लिटर सोडले तर ८० मिनिटं. जव्हारहून नाशिकला घाटाने तेवढ्यात पोचायचा भरवसा नाही. दुसरा सिलिंडर निघण्याआधीच गाडीत हवा.

रेग्युलेटरपाशी फुसफुस आली तर बहुधा वॉशर गेलेला असतो. तिथे तेल, ग्रीस काहीही लावू नका, ऑक्सिजनशी गाठ पडली की पेट घेतं. मास्क चेहऱ्यावर ठेवण्याआधी त्याची पिशवी पूर्ण फुगू द्या, नाहीतर दमलेला माणूस रिकामी पिशवी ओढत बसतो.

मग लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा, सक्शनची (घशातली घाण खेचणाऱ्या यंत्राची) ओढ, एईडीच्या (हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनच्या) पॅडवरची तारीख. मुदत संपलेल्या पॅडचं जेल वाळतं, पॅड छातीला चिकटत नाही आणि मशीन पॅड नीट लावा एवढंच सांगत राहतं.

डॉक्टर, रायगड

पावसाळ्यात आमच्याकडे साप. मण्यारचा दंश फसवतो. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, घरचे पित्त समजतात. पापण्या मिटायला लागल्या की समजून घ्या. एका दमात आकडे मोजायला सांगा आणि दर १० मिनिटांनी पुन्हा मोजून घ्या. आकडा खाली यायला लागला म्हणजे श्वासाचे स्नायू निकामी होत चाललेत. अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, म्हणजेच बॅग-मास्क) उशाशी, रुग्ण डाव्या कुशीवर.

दोरी करकचून बांधून आणलेली असते. ती घाईत सोडू नका, अडलेलं विष एकदम पसरून श्वास बंद पडू शकतो. शिरेत लाईन आणि बॅग-मास्क तयार ठेवा, शक्य तोवर प्रतिविष असलेल्या ठिकाणी डॉक्टरांसमोरच सोडा.

घोणस, फुरसं असेल तर रक्त गोठतंय का हे बघायची २० मिनिटांची चाचणी. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच कलती करायची. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी नको. गोठणारं रक्तही तिच्यात पातळ राहतं.

आणि आरोग्य केंद्रात फोन करताना ‘प्रतिविष आहे का’ असं विचारू नका, ‘१० कुप्या आहेत का’ असं विचारा. दोन कुप्या असल्या तरी ‘आहे’ असंच उत्तर येतं. लहान मुलालाही सुरुवातीचा डोस मोठ्यांएवढाच लागतो, कारण सापाने विष कमी टोचलेलं नसतं.

बाळंतपणाच्या केस करणाऱ्या डॉक्टर, नंदुरबार

डोकं दिसलं की पायलटदादांना गाडी बाजूला घ्यायला सांगा. एसी बंद, दारं बंद. बाळ आधी कोरडं करायचं, ओला कपडा टाकून द्यायचा, मग आईच्या छातीवर. रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क, मिनिटाला ४० ते ६० श्वास. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा मास्क, अपुऱ्या दिवसांच्याला शून्य. पोटात दुसरं बाळ नाही ना, हे हात लावून बघितल्याशिवाय ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन) टोचू नका. मग १० युनिट मांडीच्या स्नायूत. वार ओढायची नाही. ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंशांची थंडी लागते. उन्हाळ्यात ते साध्या कप्प्यात पडलं असेल तर रक्तस्राव थांबेल या भरवशावर राहू नका.

पायलट, मुंबई

ताईंनी गाडी थांबवायचं लिहिलं ते अगदी बरोबर. सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) चालू असताना जोरात ब्रेक मारला की दाबणाराच पडतो. वळणाआधी मागे ओरडून सांगा.

चाळीच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, म्हणून खुर्ची किंवा जाड चादर आधीच वर न्या. उतरताना रुग्णाचे पाय पुढे, ताकदीचा माणूस खालच्या बाजूला. गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करा. कॉलवर पत्त्याबरोबर ‘नाक्यावर कोणाला तरी उभं करा’ एवढं मागून घ्या, गल्ल्यांत वेळ तिथेच जातो.

डॉक्टर, चंद्रपूर

मे महिन्यातला उष्माघात. अंग तापलेलं आणि बडबड असंबद्ध असेल तर जागेवरच गार करायला सुरुवात करा. कपडे काढा, अंगावर पाणी, पंख्याचा वारा, काखेत आणि जांघेत बर्फ. गाडीतही हे चालू ठेवा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा संसर्गाचा ताप नव्हे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजू नका. साखर तपासायची राहून जाते, ती तपासाच. फक्त ग्लुकोमीटरच्या पट्ट्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तापलेल्या पट्ट्यांवर चुकीचा आकडा येतो.

गाडीवरचे डॉक्टर, पालघर

एक राहिलं. कॅज्युअल्टीत (रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात) रुग्ण सोपवताना तोंडी सांगा, कागदही द्या: काय झालं, किती वाजता, काय दिलं, शेवटचं बीपी. खाट नसेल तर आपलंच स्ट्रेचर तिथे अडकतं आणि गाडी पुढच्या कॉलला निघू शकत नाही. म्हणून वाटेतूनच फोन करून खाट विचारून ठेवा.