ताईजीच्या व्हेल संग्रहालयाचं तिकीट काढावं का?

वाटसरू

जपानमधल्या कोयासानला, त्या बौद्ध मठांच्या डोंगरावर, जाणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. २०१३ मध्ये महाराष्ट्राने वाकायामा प्रांताशी करार केला, २०१५ मध्ये कोयासानच्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. त्याच प्रांताच्या दक्षिणेला ताईजी हे मच्छीमारांचं बंदर आहे, वस्ती तीन हजारांच्या आसपास. तिथे गावाने चालवलेलं व्हेल संग्रहालय आहे. जवळच्या नाचीच्या धबधब्यापर्यंत जाणारे बरेच जण ताईजीतल्या डॉल्फिन-शिकारीच्या रागाने ते मुद्दाम टाळतात. टाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. छताला राइट व्हेल जातीच्या देवमाशाचा खऱ्या आकाराचा पुतळा टांगलाय आणि त्याच्यावर चालून जाणारी लाकडी होडी. या होड्या रंगवलेल्या असत, फुलं, पक्षी, एखाद्या देव्हाऱ्यासारख्या. भूशिरावरचे टेहळे धुराने आणि निशाणांनी खूण करायचे, मग काही होड्या देवमाशाला जाळ्याकडे हाकायच्या. भाले बसून तो थकला की एक जण सुरा घेऊन भर हिवाळ्यात समुद्रात उडी मारायचा, त्याच्या पाठीवर चढायचा आणि नाकपुड्यांमधला पडदा भोसकून त्यातून दोर ओवायचा. पाण्याखाली गेला तर तोही खाली. १६०६ पासून ताईजीत हे संघटितपणे चालू होतं, जाळी आली १६७५ च्या सुमारास. एक देवमासा मिळाला की सात गावं सुखी, अशी जपानीत म्हणच आहे.

आणि मग १८७८. पिल्लू सोबत असलेल्या मादीच्या मागे जायचं नाही, हा जुना दंडक. पण त्या वर्षी शिकारच नव्हती. २४ डिसेंबरला तशी मादी दिसली आणि वाद घालून का होईना, होड्या निघाल्या. रात्रभर झुंजून मारली, पण वारा-प्रवाहाने होड्या खोल समुद्रात नेल्या. तिला सोडून द्यावं लागलं, तरी शंभरावर माणसं परत आली नाहीत. गावाची जुनी शिकार त्यानंतर उभीच राहिली नाही. हे सगळं त्या गावात उभं राहून समजून घ्यायला हवं. लांबून शिव्या घालून काय कळणार?

खारफुटी

१८७८ बद्दल माझंही मन दुखतं. पण तुम्ही अर्धंच संग्रहालय सांगितलंत. त्याच तिकिटात मागच्या बाजूचा तलाव येतो, डॉल्फिनचे खेळ येतात. ते डॉल्फिन कुठून येतात? सप्टेंबर उजाडला की होड्या रांगेत समुद्रात जातात, लोखंडी नळ्या पाण्यात सोडून त्यांवर हातोडे मारतात. डॉल्फिन आवाजावर जगणारा प्राणी. त्या आवाजाच्या भिंतीपुढे अख्खा कळप खाडीत शिरतो. देखणे जिवंत ठेवून मत्स्यालयांना विकायचे, बाकीच्यांतले बरेच मारायचे. खाडी संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

याला चारशे वर्षांची परंपरा म्हणू नका. परंपरा मोठ्या देवमाशांची होती. आजची ही हाकणी बसली १९६९ च्या सुमारास, याच संग्रहालयाला जिवंत पायलट व्हेल, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातले मोठे प्राणी, हवे होते म्हणून. म्हणजे इमारत आणि शिकार जोडीनेच जन्मली. २०१५ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेच्या दबावामुळे जपानच्या प्राणिसंग्रहालय-मत्स्यालय संघटनेने सदस्यांना असे डॉल्फिन घ्यायला बंदी केली, तर या संग्रहालयाने संघटनाच सोडली. मी त्यांना एक येनही देणार नाही.

पूर्वेकडे

ओसाकात राहते, म्हणून लिहिते. माझ्या घराशेजारच्या आजींना शाळेच्या जेवणातलं व्हेलचं तळलेलं मांस आजही आठवतं. युद्धानंतर देशात खायला नव्हतं, १९४६ मध्ये जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी सेनापती मॅकार्थरच्या प्रशासनानेच जपानी ताफ्यांना अंटार्क्टिकात जायची परवानगी दिली. त्या आजींना "क्रूर" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि जपानजवळच्या समुद्रातले राइट व्हेल संपवले कोणी? एकोणिसाव्या शतकात अमेरिकी जहाजांनी, दिव्याच्या तेलासाठी. १८५३ मध्ये अमेरिकी आरमाराचा पेरी जपानच्या दारात आला, त्यामागे या जहाजांना बंदरं हवी होती हेही एक कारण होतं. ताईजीचे लोक १८७८ मध्ये पिल्लाच्या आईमागे गेले ते त्यानंतरच्या रिकाम्या समुद्रात. हा हिशेब कोणी मांडत नाही याचा मला राग येतो.

खारफुटी

@पूर्वेकडे, १९४६ ची भूक मान्य. आज भूक नाही. २०१९ मध्ये जपान व्हेलच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगातून बाहेर पडला आणि व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली, २०२४ मध्ये फिन व्हेलही यादीत घातला. कोणाच्या ताटासाठी? उलट पाऱ्याच्या विषबाधेचा अभ्यास करणाऱ्या मिनामाता संस्थेने हे मांस खाणाऱ्या ताईजीकरांचे केस तपासले तर पारा देशाच्या सरासरीच्या चौपटीच्या घरात निघाला. आजाराची लक्षणं आढळली नाहीत, ठीक. पण ज्या देशाने मिनामातातली पाऱ्याची विषबाधा भोगली, त्याने तरी हे हलक्यात घेऊ नये.

नारळी_पुनव

आम्ही दर्यावर जगणारी माणसं. जाळ्यात देवमासा किंवा कासव आलं तर जाळं कापून सोडायचं आणि नुकसानभरपाईसाठी सरकारकडे अर्ज करायचा, अशी महाराष्ट्रात योजना आहे, २५ हजारांपर्यंत. पैसे वेळेत मिळतात का, हा वेगळा विषय. पण मच्छीमाराला गुन्हेगार न ठरवता वाट काढता येते. ताईजीत बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन येतात आणि होडीवरच्या माणसाच्या तोंडावर ओरडतात. माझ्या बापाच्या तोंडावर कोणी तसं ओरडलं असतं तर त्याने हट्टाने तेच काम केलं असतं.

तिठा

ओरडू नका, पण तिकीटही काढू नका. दोन्ही एकदम जमतं.

पूर्वेकडे

ज्यांना तलाव नको, त्यांच्यासाठी दुसरी जागा सांगते. यामागुची प्रांतात नागातोजवळ कायोई नावाचं बंदर आहे. तिथेही जाळ्याने शिकार चालायची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थांबली. छोटंसं संग्रहालय आहे, भाले, सुरे, जाळी. खरी गोष्ट बाजूच्या देवळाची. मारलेल्या मादीच्या पोटात गर्भ निघाला तर तो कोणी खायचा नाही, विकायचा नाही. चटईत गुंडाळून पुरायचा. १६९२ मध्ये उभारलेली त्यांची समाधी आहे, सत्तरहून जास्त गर्भ तिथे आहेत, समुद्राकडे तोंड करून. आणि देवळाच्या वहीत मेलेल्या देवमाशांना माणसांसारखी मरणोत्तर नावं दिलेली आहेत. मी तिथे बराच वेळ बसून होते.

खारफुटी

तिथे मी नक्की जाईन. फरक हाच की कायोईत शिकार थांबली आहे. थांबल्यावरच्या पश्चात्तापाला अर्थ असतो.

वाटसरू

उलट मला वाटतं, थांबल्यावर हळहळणं सोपं असतं. कायोईतल्या लोकांनी समाधी बांधली ती शिकार ऐन भरात असताना, १६९२ मध्ये. मारणारेच दुःख करत होते. ताईजीतही टेकडीवर देवमाशांचं स्मारक आहे, दरवर्षी तिथे प्रार्थना होते आणि प्रार्थना करणाऱ्यांत आजचे शिकारीही असतात. तुम्ही त्याला ढोंग म्हणाल. मी म्हणत नाही, आणि हे ढोंग नाही हे मला त्या छताखाली उभं राहिल्यावर पटलं.

खारफुटी

मी ढोंग म्हणत नाही. प्रार्थना खरी असेल. पण १६९२ च्या माणसाकडे दुसरी रोजी नव्हती, आजच्या ताईजीकडे आहे: कुमानोच्या देवस्थानांचे यात्रेकरू आहेत, शेजारी कात्सुउराला ट्यूनाचं मोठं बंदर आहे. टेकडीवरचं स्मारक आणि जुनी टेहळणीची जागा पाहायला तिकीट लागत नाही. मी ताईजीला आले तर तेवढंच पाहीन, जेवण गावातल्या खानावळीत करीन आणि तलावाच्या बाजूला फिरकणार नाही.

नारळी_पुनव

खानावळीत विचारून घ्या, वाढलंय काय ते. आणि जेवताना बाजूला कोणी मच्छीमार बसला असेल तर त्याला हेच सांगा, पण आधी त्याचं ऐका.