बोडो: फेरी धरण्यापुरतं गाव, की उत्तर नॉर्वेचा खरा चेहरा?

वाटसरू:
लोफोटेन बेटांवर निघालेल्या मंडळींना माझा एकच सल्ला: बोडोत मुक्काम करू नका. विमानतळावरून थेट बंदर गाठा आणि त्या बेटांवरच्या मॉस्केनेसची फेरी धरा. गावात चौकोनी काँक्रीटच्या इमारती आणि झोंबरा वारा, दुसरं काही नाही. उत्तरेकडच्याच ट्रोम्सो शहरात निदान जुनी लाकडी घरं शिल्लक आहेत. 2024 साली बोडो युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, पण मला तो निव्वळ जाहिरातीचा भाग वाटतो.

खारा_वारा:
जुनी घरं का नाहीत, तेही सांगा ना! 27 मे 1940 रोजी जर्मन विमानांनी बाँब टाकले आणि लाकडी गाव जळून गेलं. निम्म्याहून जास्त घरं गेली. बेघरांसाठी स्वीडनने घरं बांधून दिली, ती वस्ती आजही ‘स्वीडिश गाव’ म्हणूनच ओळखली जाते. 1956 मध्ये पूर्ण झालेलं कॅथेड्रलही काँक्रीटचंच. जुनेपणाचा देखावा उभा न करता हे लोक आहे त्यात राहिले, याचा मला आदर वाटतो; हीच तर कणखर दर्यावर्दी संस्कृती. आणि 2014 मध्ये बंदरालगतची मोक्याची जागा त्यांनी ग्रंथालयाला आणि संगीत सभागृहाला दिली. आपल्याकडे अशी जागा कुणाला मिळाली असती?

दर्यावर्दी:
ग्रंथालय सुंदर आहे, मान्य. पण या गावाला दीर्घकाळ पोसलं ते हवाई तळाने. 1960 मध्ये रशियावर पाडलेलं अमेरिकेचं यू-2 हेरविमान बोडोलाच उतरणार होतं. जानेवारी 2022 मध्ये इथली एफ-16 लढाऊ विमानांची सज्जता संपली आणि आता गाव नव्याने ओळख शोधतंय. सरकारी पगारावर वाढलेल्या गावाला ‘कणखर दर्यावर्दी संस्कृती’ वगैरे म्हणणं मला पटत नाही. मासेमारीची खरी संस्कृती लोफोटेनच्या छोट्या बंदरांत आहे. हिवाळ्यात कॉड पकडायचा, लाकडी मांडवांवर वाळवायचा आणि इटलीला पाठवायचा, हे तिथे अजून चालतं.

खारा_वारा:
@दर्यावर्दी, मग फुटबॉलचं काय? बोडो/ग्लिम्ट 1916 चा क्लब. 1972 पर्यंत उत्तरेकडच्या संघांना देशाच्या वरच्या लीगमध्ये प्रवेशच नव्हता. दक्षिणेकडचे लोक उत्तरेला खालचं समजत, त्याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? 1975 मध्ये याच क्लबने नॉर्वेचा चषक जिंकला. ऑक्टोबर 2021 मध्ये नामवंत प्रशिक्षक मोरिन्योच्या रोमा या इटालियन क्लबला 6-1 हरवलं, 2025 मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत गेले. साधारण पन्नास हजार वस्तीचं गाव! पिवळे भलेमोठे टूथब्रश नाचवत लोक संघाला ओरडून पाठिंबा देतात. हा उत्साह कुठल्याही सरकारी खात्याने पेरलेला नाही. सामन्याच्या दिवशी तिथे जा आणि मग चेहरा शोधा.

वाटसरू:
फुटबॉलचं कौतुक मलाही आहे. पण दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला सामना मिळेलच असं नाही. त्याने काय पाहावं?

खारा_वारा:
साल्टस्ट्राउमेन. गावापासून तीसेक किलोमीटर. अरुंद खाडीतून भरती-ओहोटीचं पाणी इतक्या वेगाने घुसतं की भोवरे उठतात. तक्ता पाहून वेळ साधावी लागते. फेरी दुसऱ्या दिवशीही असते.

दर्यावर्दी:
साल्टस्ट्राउमेन बघाच, यावर वाद नाही. पण तो निसर्ग झाला. गावाच्या संस्कृतीबद्दल माझं म्हणणं अजून तिथेच आहे.