मदत हवी आहे : अलीराजपूरच्या मुलाचं टीबीचं औषध अर्ध्यावर सुटू नये म्हणून

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, वरची खोली विद्यार्थ्यांना भाड्याने देतो. सध्याचा मुलगा अलीराजपूरकडचा, भिलाला आदिवासी, वय 19. त्याला टीबी निघाला. औषध सरकारी, फुकट, सहा महिन्यांचं. सुरुवातीचे दोन महिने चार औषधं होती ती झाली, आता तीन चालू आहेत. खोकला गेलाय, सकाळी पोह्यांची दुसरी बशी मागतो आणि तिथेच पंचाईत झालीय. म्हणतो, "काकू, आता बरा आहे ना मी!"

भगोरियाला (होळीआधीचा आदिवासी मेळा) गावी जाणार, तो थेट परीक्षेला उगवणार. गोळ्या न्यायला तयार नाही. खोदून विचारल्यावर कळलं की काका गोध्र्याला दगडाच्या कारखान्यात होते, धापा टाकत गेले आणि गावाने त्याला टीबीच म्हटलं. आता याचं पाकीट कुणी पाहिलं तर बहिणीची सोयरीक मोडेल, ही धास्ती. गावात गोळ्या देणारी आशाताई त्याच्याच फळियातली (पाड्यातली), नात्यातली. त्यात भगोरिया म्हणजे ताडी आलीच.

'समजावून सांगा' हा सल्ला कृपया नको, ते काम आमचे हे रोज करतात. गावात बोभाटा न होता तिकडे औषध मिळेल का? आणि ताडी थोडी चालते का?

प्रतिसाद (बडोद्याहून, निवृत्त नर्स)
ताडी अजिबात नाही. या गोळ्यांचा यकृतावर आधीच भार असतो. त्याच्या निक्षय आयडीवर (टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) उपचार तिकडच्या केंद्रात वर्ग करता येतो. गोळ्या आशाताईंऐवजी तालुक्याहून स्वतः आणता येतील का, हे तो निघण्याआधीच तुमच्या इंदूरच्या केंद्रात विचारा. हेल्पलाइन 1800-11-6666. पोषणाचे महिना 1000 रुपये (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते) त्याच्या खात्यात येतात का, तेही बघा.

काकांना सिलिकोसिस असू शकेल. झाबुआ-अलीराजपूरची कितीतरी माणसं त्या कारखान्यांत गेली. गारगोटीची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, वर टीबीही लवकर धरतो, म्हणून गावात दोन्ही एकच समजतात. याचा टीबी मात्र पूर्ण औषधाने बरा होणारा आहे. हे कुणी त्याला फोड करून सांगितलंय का? आणि घरच्यांची तपासणी झाली?

धागाकर्ती
फोड करून कुणीच नाही सांगितलं, आज हे बसतील त्याच्याजवळ. तपासणीचं मात्र अवघड आहे, कारण घरी त्याने अजून काहीच सांगितलेलं नाही. आईला आधी सांगावं की बहिणीला? भिलाली घरांतलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.