सॅन होजेमध्ये लंचला बान मी (व्हिएतनामी सँडविच) खाता का? व्हेज कसं मागायचं?

पिवळा_चाफा:
नमस्कार मंडळी, दोन महिने झाले सॅन होजेला येऊन, ऑफिसपासून व्हिएतनामी दुकानं असलेला स्टोरी रोड गाडीने दहा मिनिटं, आणि लंचला जेमतेम अर्धा तास मिळतो. लेक लहान आहे त्यामुळे रोज डबा होत नाही. टीममधल्या व्हिएतनामी मैत्रिणीने एकदा टोफूचं बान मी खायला घातलं आणि मला ते इतकं आवडलं की परवा एकटीच गेले, काउंटरवर व्हेज सांगितलं, अर्धं खाऊन झाल्यावर बघते तर पावाला आतून काहीतरी तपकिरी लावलेलं, विचारलं तर म्हणे लिव्हरचं पाटे, म्हणजे वाटलेल्या कलेजीचा लेप. मी अंडं खाते पण मांस-मच्छी नाही, फार वाईट वाटलं. तरीही परत जायचंय. नक्की काय सांगायचं?

स्टोरीरोडवाला:
ताई, असं बऱ्याच जणांचं होतं. व्हेज म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात, पण पाटे राहतो कारण तो लोण्यासारखा पावाला लावायचा असतो. तुम्ही 'चाय' म्हणा. बौद्ध शाकाहाराला ते चाय म्हणतात, त्यांच्यात बरेच जण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावस्या-पौर्णिमेला चाय खातात, त्यामुळे तो शब्द ऐकला की समोरच्याला नेमकं कळतं. तरी टोफू कशात मुरवलाय ते विचाराच, फिश सॉस असू शकतो. अंडं चालतंय ना, मग 'ओप ला' मागा, म्हणजे तव्यावरची अंडी घातलेलं, फक्त पाटे नको हे आधीच सांगायचं, पाव कापायच्या आधी.

ब्रून_मस्का:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी पावाबद्दल बोलतो कारण माझा जीव त्यातच आहे. मुंबईत इराण्याकडे ब्रून खाल्लाय ना, तसंच वरून कडक, पण आत अगदी हलकं, जवळजवळ पोकळ, म्हणून एवढं सारण भरूनही जड होत नाही. बॅगेट हा लांबट पाव फ्रेंचांनी व्हिएतनाममध्ये नेला, १९५४ ला देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतली खूप माणसं सायगावला आली, आणि तिथल्या होआ मा या दुकानाने १९५८ पासून सगळं पावात भरून हातात द्यायला सुरुवात केली असं मानतात, आधी पाव वेगळा आणि मांस वेगळं ताटात यायचं. म्हणजे घाईत खायचीच ही वस्तू आहे. आणि सॅन होजेत व्हिएतनामी वस्ती इतकी मोठी की ली'ज सँडविचेसची चेन १९८३ साली इथेच सुरू झाली.
आतलं मुळा-गाजर व्हिनेगर-साखरेत मुरवलेलं असतं, आंबटगोड, कुरकुरीत, ते जास्त मागून घ्या. काकडी, कोथिंबीर आणि हालापेन्यो मिरची, ती ऑफिसच्या दिवशी बाजूला द्यायला सांगा. सकाळी घेऊन फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका हो, पाव चामट होतो, मग त्यात काही राम नाही. साडेअकराला फोन करून ठेवा, बाराला रांग लागते. काही दुकानांत फक्त कॅश चालते, सुटे जवळ ठेवा.

पिवळा_चाफा:
खूप खूप आभार दोघांचे! आज गेले होते. चाय म्हटल्यावर काउंटरवरच्या आजींनी मान वर करून पाहिलं, हसल्या, हातमोजे बदलले आणि दुसरी सुरी घेतली. टोफू लेमनग्रासमध्ये परतलेला, फिश सॉस नाही म्हणाल्या. गाडीतच बसून खाल्लं, कागद उघडला तर पाव अजून गरम, पहिल्याच घासाला मांडीवर चुरा पडला. वीस मिनिटांत परत डेस्कवर. उद्या ओप ला.

स्टोरीरोडवाला:
वा! उद्या जाताय तर का फे सुआ दा पण घ्या, कंडेन्स्ड मिल्क आणि बर्फ घातलेली त्यांची फिल्टर कॉफी. खूप कडक असते, दुपारच्या मीटिंगला उपयोगी पडेल.