टोल्किनचे ड्वॉर्फ आणि ज्यू: आधी सोनं आलं की आधी हिब्रू?

डोंगरदिवा

सध्या रात्री मुलीला इंग्रजी लेखक टोल्किनची 'द हॉबिट' ही कादंबरी वाचून दाखवतोय. इंग्रजी डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडाने मराठीत सांगायचं, असा आमचा रिवाज. नायक बिल्बोला ड्वॉर्फ, म्हणजे डोंगराखाली राहणारे ठेंगू लोक, ड्रॅगनच्या भुयारात पाठवतात त्या प्रकरणात माझी जीभ अडखळली. ड्वॉर्फ म्हणजे काही शूरवीर नव्हेत, पैशाची किंमत पक्की ओळखणारे हिशेबी लोक, अशा अर्थाचं वाक्य आहे तिथे. मुलीने विचारलं, "सगळेच?"

मी गप्प झालो, कारण हे लोक कुणाकडे बघून घडवलेत ते मला ठाऊक होतं. डिसेंबर 1955 च्या एका पत्रात टोल्किन स्वतःच सांगतो की ड्वॉर्फांचा विचार करताना मला ज्यू आठवतात: राहतात तिथलेच आणि तरी तिथे परके, देशाची भाषा बोलणारे पण आपल्या खासगी भाषेचा हेल न सुटलेले. पुढे बीबीसीच्या मुलाखतीतही तो म्हणाला की त्यांचे शब्द मुद्दाम सेमिटिक घडणीचे केलेत. ते आहेतच तसे. ख-झ-द ही तीन व्यंजनं घेतली की त्यातून लोकांचं नाव 'खझाद' होतं आणि भाषेचं नाव 'खुझदुल'. हिब्रूत आणि अरबीत धातू असेच चालतात.

माझं म्हणणं असं. सोनं आधी आलं. 'हॉबिट'मधल्या ड्वॉर्फांची थोरिन, द्वालिन, बोम्बुर ही नावं जुन्या नॉर्स काव्यातली, आणि तिथला ड्वॉर्फ म्हणजे जमिनीखालचा कारागीर, सोन्याचा राखणदार. टोल्किनच्या अगदी सुरुवातीच्या कथांत तर ते सरळ दुष्ट आहेत. त्यावर नंतर हिब्रूसारखी भाषा चढली, गमावलेली मायभूमी चढली, दारोदार भटकणं चढलं. हे सगळं चढवताना खालचं सोनं मात्र कुणी काढून घेतलं नाही. सुटं सुटं पाहिलं तर कशातच वावगं नाही. एकत्र आलं की 1930 च्या दशकातल्या युरोपात भिंतीभिंतीवर चिकटवलेलं चित्र तयार होतं.

टोल्किनच्या मनात ज्यूंबद्दल आकस नव्हता, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही हा प्रश्न उरतो.

अक्षरयात्री

साफ असहमत. पुस्तक अर्धंच उघडलंय तुम्ही.

सोन्याचा रोग एकट्या ड्वॉर्फांना जडतो का? सरोवरावरच्या गावाचा प्रमुख लोकांच्या मदतीसाठी आलेलं सोनं घेऊन पळतो आणि माळरानात उपाशी मरतो. तो माणूस आहे. एल्फ म्हणजे तिथले अमर वनवासी; त्यांच्या राजाला चांदी आणि पांढऱ्या रत्नांची हाव आहे, हे पुस्तकातच लिहिलंय. आणि थोरिन मरताना काय सांगून जातो? साठवलेल्या सोन्यापेक्षा अन्न, हसणं, गाणं यांची किंमत जास्त लोकांना कळती तर जग सुखी असतं. हा पश्चात्ताप लेखकाने ड्वॉर्फाच्याच तोंडी दिलाय.

1938 चं प्रकरणही पाहा. जर्मन भाषांतरासाठी तिथल्या प्रकाशकाने विचारलं, तुम्ही आर्य वंशाचे आहात ना? तेव्हा टोल्किनने मसुदा लिहिला की तुम्हाला मी ज्यू आहे का हे विचारायचं असेल, तर त्या गुणी लोकांपैकी माझे कुणी पूर्वज नाहीत याचं मला वाईट वाटतं. पैसे बुडण्याची भीती असताना हे लिहिणाऱ्या माणसाला त्या पोस्टरांच्या रांगेत बसवू नका.

केतकी_वाचते

अक्षरयात्री, लेखक सज्जन होता यावर वादच नाही. वाद पानावर काय उतरलं याचा आहे.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात ड्वॉर्फांना मिळालेल्या सात जादूच्या अंगठ्यांची हकीकत आहे. अंगठ्या माणसांना सावल्या बनवतात, गुलाम करतात. ड्वॉर्फांना त्या गुलाम करू शकत नाहीत, फक्त त्यांच्या मनातली सोन्याची आग भडकवतात. म्हणजे आग मुळात आतच आहे. सरोवराचा प्रमुख हा एक वाईट माणूस, इथे अख्ख्या जातकुळीचा स्वभाव सांगितलाय. डोंगरदिवा यांच्या लेकीचा "सगळेच?" हा प्रश्न म्हणून नेमका आहे.

हा स्वभाव ज्यूंना चिकटला कसा, तेही आठवायला हवं. मध्ययुगीन युरोपात जमीन नाही, कारागिरांच्या संघांत प्रवेश नाही. ख्रिश्चनांना व्याजाची मनाई, तेव्हा सावकारी यांच्या गळ्यात घातली. मग सावकार म्हणून द्वेष केला. इंग्लंडने 1290 मध्ये सगळ्यांना देशाबाहेर काढलं आणि 1656 पर्यंत राजरोस परत येऊ दिलं नाही. टोल्किन त्याच देशाचा प्राध्यापक. ही सावली त्याने मुद्दाम ओढली नसेल, पण ती त्याच्या भाषेत होतीच.

हॅरी पॉटरमधल्या बँकेच्या गॉब्लिनांवर तर मला बोलायचंच नाही. तिथे हिब्रू नाही, हद्दपारी नाही, नुसतं लांब नाक आणि तिजोरी. त्यापुढे टोल्किन कितीतरी मोठा.

अक्षरयात्री

अंगठ्यांचा मुद्दा वजनदार आहे, मानतो. पण मग त्याच पुस्तकातला, लोथलोरिएन या एल्फांच्या वनाच्या सीमेवरचा प्रसंगही मोजा. एल्फ पहारेकरी म्हणतात, बाकीचे या, ड्वॉर्फाचे डोळे बांधा. प्रवाशांतला ड्वॉर्फ गिमली अडून बसतो: एकट्याचे बांधणार असाल तर मी परत जातो. शेवटी त्यांचा नेता अॅरागॉर्न सगळ्यांचेच बांधायला लावतो, त्यांच्यातला एल्फ लेगोलससुद्धा त्यातून सुटत नाही आणि तो चिडतो. एकट्याच्या वाट्याला येणारा अपमान सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हे 1954 साली छापून आलंय.

पुढे त्या वनाची एल्फ स्वामिनी गॅलाड्रिएल, मोरिया या ड्वॉर्फांच्या जुन्या राज्याच्या परिसरातल्या ठिकाणांची नावं गिमलीच्या भाषेत घेते. खझाद-दूम. खेलेद-झाराम. गिमली मान वर करतो आणि त्याला शत्रूच्या जागी माया दिसते. तिच्याकडे तो सोनं मागत नाही, एक केस मागतो, आणि ती तीन देते. तुमच्या चित्रावर टोल्किनने दिलेलं उत्तर हेच आहे.

अलिबागकरीण

मी क्वचित लिहिते, पण इथे राहवलं नाही. माझी आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. रेवदंड्याकडची. ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, कारण घाणा शनिवारी बंद. आता ती नाही.

मला बोचलं ते सोनं नव्हे. मला बोचला एक शब्द. शाळेत असताना मी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली हेल्म्स डीपची लढाई वाचत होते. गिमली कुऱ्हाड उगारून ओरडतो, "बारुक खझाद!" मी पुस्तक मिटलं. बारूख हा आमच्या घरातला शब्द. शुक्रवारी दिवा लागला की आजीच्या तोंडून पहिला निघायचा तो हाच: बारूख अता अदोनाय. त्याचा अर्थ धन्य, स्तुत्य. पुस्तकात त्याचा अर्थ कुऱ्हाडी. लेखकाने ध्वनी आमचा घेतला आणि आत शस्त्र भरलं. त्याने ते मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण त्या वयात मी आजीला ते दाखवू शकले नाही.

दुसरी गोष्ट त्या पत्राबद्दल. परका हेल, खासगी भाषा. हे कुठल्या ज्यूंचं वर्णन? आमच्याकडे खासगी भाषा नव्हतीच. आजी मराठीत भांडायची, मराठीत रडायची. आमच्या लोकांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. मलिद्याला, म्हणजे आमच्या नैवेद्याला, पोहे, गूळ, खोबरं असायचं, आणि त्यात एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव. काल्पनिक जगातले 'ज्यूंसारखे' लोक नेहमी युरोपच्याच खिडकीतून पाहिलेले असतात, तेच मला खटकतं.

निळाचंद्र

अलिबागकरीण, तुमचा बारूखचा मुद्दा माझ्या कधी लक्षातच आला नव्हता.

गाय गॅव्ह्रिएल केची 1995 ची कादंबरी, 'द लायन्स ऑफ अल-रसान', वाचली नसेल तर जरूर वाचा. मध्ययुगीन स्पेनसारख्या देशात किंदाथ नावाचे लोक आहेत, चंद्रांची उपासना करणारे, आणि त्यांची जेहान नावाची वैद्य. हे ज्यू आहेत हे के लपवत नाही. सोन्याचा शापही त्यांच्या रक्तात घालत नाही. त्यांच्या वस्त्यांवर जमाव येतो तेव्हा दोष जमावाचा राहतो. हाच के तरुणपणी टोल्किनच्या 'सिल्मरिलियन' या पुस्तकाच्या संपादनात त्याचा मुलगा ख्रिस्तोफर टोल्किनच्या हाताखाली होता. त्याने त्या घरातून घ्यायचं ते घेतलं आणि टाकायचं ते टाकलं, असं मला वाटतं.

अक्षरयात्री

मग त्यापेक्षा इतिहासच का लिहू नये? नाव बदललेले ज्यू म्हणजे पुन्हा मुखवटाच. टोल्किनचा ड्वॉर्फ निदान स्वतःचा म्हणून उभा राहतो.

डोंगरदिवा

अक्षरयात्री, डोळे बांधण्याचा प्रसंग मी विसरलो होतो. तिथे तुमचं बरोबर. पण सोन्याचं मी मागे घेत नाही. 'द हॉबिट'मधलं ते वाक्य पुढे म्हणतं की काही ड्वॉर्फ लबाड, काही बरे, थोरिनच्या मंडळीसारखे, फार अपेक्षा ठेवली नाही तर. हे मुलीला मी जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, हे पटतं का? ती म्हणाली, त्यांच्यातला बालिन तर चांगला आहे.

अलिबागकरीण, एक विचारू? ड्वॉर्फांची खरी नावं गुप्त असतात, परक्याला कधी सांगत नाहीत, थडग्यावरसुद्धा कोरत नाहीत. मुलीला ते फार आवडलं. तुम्हाला ते कसं वाटतं?

अलिबागकरीण

आजीच्या कबरीवर वर हिब्रू आहे आणि खाली देवनागरी. दोन्हींत तिचं नाव आहे. येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही वाचता येतं.