‘बेघर’ की ‘विस्थापित’? विज्ञानपटांतील घर नसलेल्यांसाठी योग्य शब्द

प्रश्न :
आमच्या चित्रपट मंडळात विज्ञानपटांची एक मालिका दाखवली जाणार असून तिच्या परिचयपत्रकाचा मजकूर मी लिहीत आहे. ‘सॉयलेंट ग्रीन’ (१९७३), ‘दे लिव्ह’ (१९८८) आणि ‘डिस्ट्रिक्ट ९’ (२००९) या तिन्ही चित्रपटांत घर नसलेले जीव दिसतात. मी सर्वत्र ‘बेघर’ लिहिले, पण वाचून पाहताना तो शब्द सगळीकडे सारखा बसत नाही असे वाटले. ‘निराधार’, ‘निर्वासित’, ‘विस्थापित’, ‘अनिकेत’ यांपैकी कोणता शब्द कुठे योजावा?

उत्तर :
‘अनिकेत’ आधी बाजूला ठेवावा. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘अनिकेतः स्थिरमतिः’ हे भक्ताचे लक्षण म्हणून येते. तेथे घर नसणे ही आसक्ती सुटल्याची खूण आहे, आणि ज्याच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याने काढून घेतले त्याला तो शब्द लावणे अन्यायाचे होईल. ‘निराधार’ही नको, कारण अनुदान योजनेमुळे तो शब्द आपल्याकडे सांभाळणारे कोणी नसलेल्या व्यक्तींशी घट्ट जोडला गेला आहे. ‘दे लिव्ह’चा नायक तर धडधाकट आहे, स्वतःची अवजारे घेऊन लॉस एंजेलिसमध्ये येतो आणि बांधकामावर कामही मिळवतो. त्याला आधार नको आहे. रात्री पाठ टेकायला जागा हवी आहे.

आता ‘बेघर’. फारसी ‘बे’ आणि आपले ‘घर’ मिळून झालेले हे विशेषण बेरोजगार, बेवारस यांच्या पंक्तीतले आहे. ते उणीव सांगते, पण ती कोणी निर्माण केली ते सांगत नाही. ‘विस्थापित’ आणि ‘निर्वासित’ ही मात्र कर्मणी रूपे आहेत; ती उच्चारताच हलवणारा, घालवून देणारा कोणीतरी आहे हे मान्य करावे लागते. माझ्या मते विज्ञानपटांच्या बाबतीत हाच फरक निर्णायक आहे, कारण यांतल्या चांगल्या चित्रपटांचा भर घर नसण्यापेक्षा घर काढून घेण्यावर असतो.

‘डिस्ट्रिक्ट ९’ पाहा. जोहान्सबर्गवर थांबलेल्या यानातून उतरवलेल्या परग्रहवासीयांची झोपडवस्ती हलवायची आहे, म्हणून अधिकारी दारोदार फिरून नोटिशीवर सह्या घेतो. एक परग्रहवासी तो कागद हाताने झिडकारतो, तर त्या फटकाऱ्याने उमटलेली खूण हीच सही म्हणून धरली जाते. जबरदस्तीला कायद्याचे कागद कसे जोडले जातात, हे इतक्या थोडक्यात क्वचितच दाखवले गेले असेल. त्यामागे केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सचा इतिहास आहे : १९६६ मध्ये तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या काळात ६० हजारांहून अधिक लोकांना तेथून उठवण्यात आले. या चित्रपटाबद्दल ‘बेघर’ लिहिणे म्हणजे तो अधिकारी, ती नोटीस आणि तो इतिहास सगळेच वाक्यातून पुसून टाकणे होय. येथे ‘विस्थापित’ लिहावे, किंवा वस्ती ‘उठवली’, रहिवासी ‘बेदखल’ झाले असे क्रियेनिशी लिहावे.

‘दे लिव्ह’मध्ये दोन्ही शब्द लागतील. नायक येतो तेव्हा ‘बेघर’ आहे. पण जस्टिसव्हिल ही त्याची आसऱ्याची वस्ती रात्री पोलीस बुलडोझर घालून भुईसपाट करतात, त्यानंतर तेथील माणसे ‘हुसकावलेली’ ठरतात. नायकाचे नाव श्रेयनामावलीतच तेवढे येते, आणि स्पॅनिशमध्ये त्या नावाचा अर्थ ‘काहीच नाही’ असा आहे. ते ‘नाडा’ असे न लिहिता ‘नादा’ असे लिहावे, म्हणजे मराठी वाचकाचा गोंधळ होणार नाही.

प्रश्नकर्त्याची पुरवणी :
आपले मनःपूर्वक आभार. मग ‘सॉयलेंट ग्रीन’मधल्या, जिन्यावर झोपणाऱ्या माणसांना काय म्हणावे? आणि ‘परग्रहवासी’ हा शब्द तरी योग्य आहे का?

उत्तर :
जिन्यावरच्या माणसांना ‘बेघर’च म्हणावे. चार कोटी लोकसंख्येच्या त्या न्यूयॉर्कमध्ये नायकाला स्वतःच्या खोलीकडे जाताना पायऱ्यांवर झोपलेल्यांना ओलांडत जावे लागते. तेथे कोणी एकाने त्यांना हाकलल्याचे दिसत नाही, घरेच पुरत नाहीत. त्याच चित्रपटात श्रीमंतांच्या सदनिकेबरोबर मिळणाऱ्या स्त्रियांना ‘फर्निचर’ म्हणतात. भाडेकरू बदलला तरी ती स्त्री घराबरोबरच राहते. तिच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही, म्हणून ‘फर्निचर’ तसाच ठेवावा. मराठी वाचकालाही तो बोचेल.

‘परग्रहवासी’ रूढ आहे, म्हणून चालेल. मात्र ‘वासी’ म्हणजे राहणारा, आणि ‘डिस्ट्रिक्ट ९’मध्ये त्यांना कोठेच राहू दिले जात नाही. त्यांच्याकडे शहर ज्या नजरेने पाहते ती सांगायची असेल, तर ‘उपरे’ हा शब्द अधिक नेमका आहे.

प्रश्नकर्ता :
वाक्य आता असे केले आहे : “यान बंद पडल्याने शहरात अडकलेल्या उपऱ्यांची वस्ती उठवण्यासाठी अधिकारी नोटिसा घेऊन येतात.” ‘बेघर’ हा शब्द या परिच्छेदातून पूर्णपणे काढला आहे.